दोन नजरांचा हिशेब



महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशकात उभे राहिले, आणि राज्यातल्या वैद्यकीय पदव्युत्तर प्रबंधांची वाट या गावातून जाऊ लागली. म्हणून एक आग्रह इथेच मांडतो. प्रबंधासाठी रुग्ण किती घ्यायचे यावर आपण आठवडेच्या आठवडे खल करतो. नोंद करणारी नजर कितपत भरवशाची आहे, हे मात्र क्वचितच तपासतो.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरचे दोन वर्षांचे मूल घ्या. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. टेप लावायची डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला असताना. एका अंगणवाडी ताईने टेप जरा आवळली, दुसरीने ढिली धरली, की काही मिलिमीटर इकडचे तिकडे होतात. सीमेवरचे मूल मग एका वहीत उपचाराला पात्र ठरते आणि दुसऱ्या वहीत निभावून जाते.

अशा वेळी दोघांच्या जुळणीची नुसती टक्केवारी देऊन भागत नाही. समजा, दोन डॉक्टरांनी छातीचे शंभर एक्स-रे वाचले. दोघांनीही दहा-दहा सदोष ठरवले. पण त्यांतले पाचच सामाईक निघाले. पंच्याऐंशी दोघांनाही निर्दोष वाटले. म्हणजे जुळणी नव्वद टक्के, आणि प्रबंधात हा आकडा मोठ्या दिमाखात छापला जातो. परंतु निर्दोष फिल्मच एवढ्या असताना निव्वळ योगायोगानेही ८२ टक्के जुळणी झाली असती. योगायोगाच्या पलीकडे १८ टक्क्यांना वाव होता, त्यातले ८ हाती लागले. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला ‘कॅपा’ हाच हिशेब करतो. इथे तो येतो ०.४४. प्रत्येकाने सदोष ठरवलेल्या फिल्मांपैकी निम्म्या दुसऱ्याला निर्दोष वाटल्या, हे नव्वद टक्क्यांनी झाकले होते.

मोजमापांत सहसंबंध गुणांक असाच फसवतो. एका निरीक्षकाचे माप दर वेळी पाच मिलिमीटरने जास्त आले, तरी गुणांक पूर्ण एक येतो! ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये सांगितलेली रीत सरळ आहे: दोन मापांतला फरक काढा आणि तो किती पसरतो ते पाहा.

मतभेद कमी करताही येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बालकांतला न्यूमोनिया गावपातळीवर ओळखण्यासाठी श्वास मोजण्याचे साधे उपकरण तयार केले: मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत, त्यांच्याही हाती त्यामुळे एकच मोजपट्टी आली.

आपल्या विभागांत अडचण वेगळीच आहे. सर आणि निवासी डॉक्टर फिल्म एकत्र पाहतात, सर बोलतात, निवासी मान डोलावतो. त्या जुळणीला काडीची किंमत नाही.

मार्गदर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी विचारा: दुसरा निरीक्षक कोण? पहिल्याची नोंद त्याच्यापासून झाकलेली असेल का? मुख्य काम सुरू होण्याआधी थोड्या रुग्णांवर दोघांची जुळणी पाहिली का? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.