कमळ आणि कुमुद



तळ्यांत मोठें फूल दिसलें कीं आपण त्यास कमळ म्हणून मोकळे होतों. जुन्या कोशकारांनीं ही सरमिसळ केली नव्हती. अमरकोशांत पद्म निराळें. कुमुद व उत्पल निराळीं. आपण ज्यास नीलकमळ म्हणतों तें कमळ नव्हेच, तें निळें उत्पल, म्हणजे कुमुदाचें भावंड. आपल्याकडील खरें कमळ गुलाबी किंवा पांढरें. निळें कधींच नसतें.

ओळखावयास पान पुरे. कमळाचें पान ढालीसारखें वाटोळें, अखंड, आणि देंठ खालून मधोमध लागलेला. वाढलेलीं पानें पाण्याच्या वर उभीं राहतात व त्यांवरून थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो. कुमुदाचें पान पाण्यावरच पसरतें, आणि त्यास देंठापर्यंत चीर असते. कमळाचें फळ झारीच्या तोंडासारखें, भोकाभोकांत बी बसलेलें. कुमुदाचें फळ पाण्याखालीं पिकतें.

इतकें असूनहि वनस्पतिशास्त्रज्ञ दीर्घकाळ दोघांना एकाच कुळांत घालीत. १९९३ सालीं जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली आणि कमळाचे जवळचे आप्त निघाले कोण? तर चिनार, आणि कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठीं लावतात तो सिल्व्हर ओक! काश्मीरांत दल सरोवरांतल्या कमळाचे कंद 'नदरू' म्हणून शिजतात, आणि त्याचा हा भाऊबंद कांठावर सावली धरून उभा असतो. कुमुदाची शाखा मात्र, १९९९ च्या संशोधनाप्रमाणें, फुलझाडांच्या वंशवृक्षाच्या अगदीं बुंध्याशीं फुटलेली. म्हणजे कमळ हें कुमुदापेक्षां आंब्याला, फार काय, भाताच्या रोपालाहि जवळचें! एकाच पाण्यांत राहून रूप तेवढें सारखें झालें.

आतां स्वयंपाकघरांतली गोष्ट. मखाना कमळाचें बीज म्हणून सर्रास विकला जातो. ती वस्तुतः काटेरी पानांच्या एका निराळ्याच पाणवनस्पतीच्या बियांची लाही. तिची लागवड बिहारांत मोठी, आणि कूळ कुमुदाचें. खाण्यास ती उत्तम, तक्रार नांवाविषयीं आहे.

खरें कमळबीज दगडासारखें कठीण. चीनमधील एका जुन्या, कोरड्या सरोवराच्या तळांतलें सुमारें १३०० वर्षांचें बीज रुजल्याचें १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां ज्यांस घरच्या हौदांत कमळ लावावयाचें असेल त्यांनीं बियांचें कवच एका टोकाशीं कानशीनें घासावें, आंतला पांढरा गर दिसूं लागला कीं थांबावें, आणि मग बीं पाण्यांत टाकावें. मखाना पेरून मात्र कांहीं उगवावयाचें नाहीं.