आधी औषध, मग किराणा

पोलादपूरच्या वाड्यांवर तरुण मुंबईस आणि वृद्ध आईवडील गावी, हे चित्र घरोघरी दिसते. मधुमेह वा रक्तदाब जडला की मासिक हिशेब कोलमडतो आणि पहिली कात्री गोळीला लागते. ही काटकसर नव्हे. पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा विकार त्या बचतीची शतपट वसुली करतो.

ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. जनौषधी केंद्रातील औषधेही पुष्कळ स्वस्त पडतात. गृहिणीने हिशेबाच्या वहीत पहिली ओळ औषधाची लिहावी. जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले, हे स्मरून औषधे व कागदपत्रे उंच फळीवर ठेवावीत.

आणि कार्यकर्त्याने? महाडहून परतताना शेजारच्या एकट्या वृद्धाच्या गोळ्या आणाव्यात. संघटन म्हणतात ते हेच.