अंगणवाडी म्हणजे नुसती खिचडी नव्हे
(गोरेगांव, ता. सेनगांव, जि. हिंगोली येथें केलेलें भाषण)



सोयाबीनची रास आणि कापसाची वेंचणी सोडून तुम्ही येथें आलां, याबद्दल आम्ही तुमचे आभारी आहोंत. आज आम्हांस तुमच्या तीन ते सहा वर्षांच्या लेकरांविषयीं बोलावयाचें आहे.

“एवढ्याशा पोराला काय शिकवावयाचें? सहा वर्षांचें झालें म्हणजे शाळेंत घालूं,” असें घरोघर म्हणतात. पण कुंभारदादांना विचारा. माती ओली आहे तोंवरच मडक्याला आकार देतां येतो, भाजल्यावर नाहीं. २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही हेंच सांगतें. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आंत होते, म्हणून तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षणाचा पाया धरावा, असें त्यांत म्हटलें आहे. पैसेवाला हें ओळखून आहे. तो तिसऱ्या वर्षींच फी भरून मूल बालवाडींत घालतो. पुढें पहिलींत आपलें मूल मागें पडतें आणि लोक म्हणतात, “याच्या डोक्यांत शिरत नाहीं.” हा डोक्याचा दोष नव्हे, वायां गेलेल्या तीन वर्षांचा आहे.

अंगणवाडी ही गरिबांच्या लेकरांसाठींच निघालेली शाळा आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं समुद्रकाठच्या बोर्डी गांवीं ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. पोरें शाळेंत येईनात, तेव्हां या बायांनीं शाळाच पोरांच्या अंगणांत नेली. महागड्या खेळण्यांऐवजीं शिंपले, बिया आणि पानें घेऊन त्यांनीं शिकविलें. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें देशांत ३३ ठिकाणीं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि आज गांवोगांव अंगणवाडी आहे.

पण मेख कायद्यांत आहे. महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें मागणी केली कीं, निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें करा. देशभर हक्काचा कायदा व्हावयास २००९ साल उजाडलें, आणि तोही सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता! २००२ च्या घटनादुरुस्तीनें सहाच्या आंतल्यांसाठीं राज्य “प्रयत्न करील” एवढेंच ठेविलें. हक्क असेल तर भांडून घेतां येतो. नुसत्या प्रयत्नाची फिर्याद कोणाकडे करावी?

दुसरी गोष्ट सेविकाताईची. आहार, वजनें, लसीकरण, गरोदर बायांच्या नोंदी, मोबाईलवर माहिती भरणें, हें सारें तिच्या माथीं. त्याचा मोबदला पगार नव्हे, मानधन! ग्रॅच्युइटीचा हक्क मिळावयासही २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. मग तिनें शिकवावें केव्हां? तामिळनाडूंत संशोधकांनीं ३२० अंगणवाड्यांची पाहणी केली. त्यांतल्या कांहींना अर्ध्या वेळेची आणखी एक बाई दिली. तेथें शिकविण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा व गणित सुधारलें, आणि कुपोषणही कमी झालें. २०२१ सालीं हें छापून प्रसिद्ध झालें आहे. तेव्हां उपाय ठाऊक नाहीं असें सरकारला म्हणतां येणार नाहीं.

तर आमचें सांगणें असें. २०२३ सालीं सरकारनेंच ‘पोषण भी, पढाई भी’ म्हणून दररोज निदान दोन तास शिक्षणाचे ठरविले आहेत. ते दोन तास आपल्या अंगणवाडींत मिळतात कीं नाहीं, हें ग्रामसभेंत उठून विचारा. सेविकाताईवर तोंड टाकूं नका; तिच्या जोडीला दुसरी बाई द्या, असा ठराव करून वर धाडा. धाकट्याला सांभाळण्यासाठीं थोरल्या मुलीची शाळा बुडवूं नका. धाकटा अंगणवाडींत बसला तर दोघांचेंही शिक्षण होतें. ऊसतोडीला जाल तेथेंही पहिल्या आठवड्यांतच अंगणवाडी कोठें आहे तें विचारा आणि लेकराचें नांव घाला.

खिचडीनें पोट भरतें, आणि तें भरलेंच पाहिजे. पण आपलें लेंकरूं केवळ पोट घेऊन जन्मास आलेलें नाहीं. त्याच्या डोक्याचा वांटाही मागून घ्या.