दमेकऱ्याने धूळ टाळावी कशी?



घोडबंदरच्या किल्ल्याखाली वसईची खाडी आणि गावाजवळून ठाण्याहून राष्ट्रीय महामार्गाला मिळणारा रस्ता. न्हावा-शेवा बंदरातून गुजरातकडे निघालेले अवजड कंटेनर याच रस्त्याने धावतात. त्यांचा धूर, बांधकामांची सिमेंटमिश्रित धूळ आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवरील बुरशी, हे तिन्ही दमेकऱ्याचे वैरी.

दमा म्हणजे श्वासनलिकांना आलेली चिवट सूज. म्हणूनच धाप लागल्यावर साल्ब्युटामॉलचा पंप ओढणे हा पुरता उपचार नव्हे. सूज उतरविणारे स्टेरॉइड श्वासावाटे, बरे वाटत असतानाही, रोज घ्यावे लागते. पंपाची ‘सवय लागते’ हा समज तर साफ खोटा! साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाची एक फवारणी १०० मायक्रोग्रॅमची. म्हणजे चाळिसावा हिस्सा. गोळी मात्र स्वस्त, म्हणून मजुराच्या हाती तीच पडते.

२०१९ साली जगात दम्याने सुमारे साडेचार लाख माणसे दगावली, बहुतेक गरीब देशांतील. औषध ठाऊक असताना आलेले हे मरण आहे. ‘धूळ टाळा’ असे डॉक्टर सांगतात. सिमेंटच्या गोण्या वाहणाऱ्याने ती टाळावी कशी? ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची स्वतःहून दखल घेतली, हे योग्यच झाले. परंतु धूळ रोखण्याचा खर्च ठेकेदाराने सोसला पाहिजे आणि रोजचा पंप पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात मोफत मिळाला पाहिजे. या मागणीसाठी येथील कार्यकर्त्यांनी प्रथम घरोघर जाऊन नोंद करावी: दमेकऱ्याजवळ पंप आहे काय, आणि असल्यास तो रोजचा की केवळ आणीबाणीचा.