गोठण्याआधी इंजिनाची निगा
स्टॉकहोमजवळचा बाल्टिक समुद्र हिवाळ्यात बऱ्याचदा गोठतो. म्हणून तिथल्या शिडाच्या नौका ऑक्टोबरच्या सुमारास किनाऱ्यावर चढवतात. खरी काळजी असते ती पोटातल्या डिझेल इंजिनाची. आत राहिलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि ओतीव लोखंडालाही तडा देतं. आधी इंजिन गरम करून तेल बदलतात. गरम तेल काजळीसकट निघतं. मग पंपाला समुद्राच्या पाण्याऐवजी रंगीत अँटीफ्रीझ पाजतात, एक्झॉस्टमधून रंग दिसेपर्यंत. पण थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात, ते गार असल्यानं थर्मोस्टॅट बंद असेल, तर अँटीफ्रीझ ब्लॉकमध्ये शिरतच नाही. बाहेर रंग, आत पाणीच! घाईवाले इथेच फसतात. पंपातला रबरी इंपेलरही काढून ठेवावा. महिनोन्महिने दबून राहिला, तर पाती वाकतात.