पाकाची पारख आणि जयंतीचा केक
(महिला व विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



१४ एप्रिलला आता गावोगावी केक कापला जातो. जयंती पुस्तकांनी साजरी व्हावी, हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु केक आणायचाच, तर किन्हीराजातल्या आपल्या भगिनींनी तो का करू नये?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ज्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले जाई, त्यांच्या हातची मिठाई कोण विकत घेणार होते? खाद्यपदार्थांचा धंदा आपल्याला बंदच होता. म्हणून आज आपल्या हातचा केक गावाने आवडीने खाणे, ही मी लहान गोष्ट समजत नाही.

केकवर ओतायच्या फॉन्डंटचे मूळ आपल्या पाकातच आहे. अर्धा किलो साखर, पाऊण पेला पाणी व दोन चमचे लिक्विड ग्लुकोज उकळावे. पाक ११५ अंश सेल्सिअसला आला की उतरवावा. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाकून पाहावा. मऊ गोळी वळली पाहिजे. हाच आपल्या आयांचा गोळीबंद पाक! उकळताना तो ढवळू नये. पहिल्या वेळी मी ढवळला आणि पातेल्यात नुसती खडबडीत साखर उरली.

पाक ओल्या परातीत ओतून कोमट होऊ द्यावा. मग लाकडी उलथन्याने सारखा घोटावा. साखरेचे अगदी बारीक कण बनून तो पांढराशुभ्र होतो. मळून, ओले फडके झाकून रात्रभर ठेवावा. दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यावर ४० अंशांपर्यंतच तापवावा. जास्त तापला तर चकाकी जाते. घट्ट वाटल्यास थोडा साधा पाक घालावा.

केकवर जॅमचा पातळ हात द्यावा, म्हणजे चुरा सुटत नाही. केक जाळीवर, खाली परात, आणि मधोमध एका धारेने ओतावे. सुरी फिरवू नये. ते आपोआप पसरते. मात्र केक उंचसखल असेल तर हा थर काहीच झाकत नाही. आधी पाया सारखा करावा लागतो.

निळ्या रंगासाठी कपड्याची नीळ चुकूनही वापरू नये. परवानगी असलेला खाद्यरंगच घ्यावा. बटर पेपरच्या कोनाने अशोकचक्र काढताना आरे २४ मोजावेत. विक्री करायची तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याप्रमाणे नोंदणी करावी. शुद्ध माल व चोख हिशेब, हीच धंद्यातली सम्यक आजीविका.

पुढच्या जयंतीचा केक आपल्याच एखाद्या स्वयंपाकघरातून यावा आणि वाचलेल्या पैशांतून अभ्यासिकेसाठी पुस्तके यावीत, एवढे बोलून मी थांबतो.

नमो बुद्धाय! जयभीम!