सावड



मावळात, मुळशीत, भोरकडे, खाली कोकणात भाताची लावणी आली की ‘सावड’ हा शब्द कामाला लागतो. तरवा तीन-साडेतीन आठवड्यांचा झाला आणि खाचरं भरली की थांबून चालत नाही. रोप जून झालं तर फुटवे कमी येतात. त्यात सगळ्या गावाची लावणी एकदमच येते. मजुरीला माणूस आणायचा कुठून? मग आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. बैलांचंही तसंच. एक बैल याचा, एक त्याचा, आणि त्या जोडीवर दोघांची चिखलणी.

सावडीत पैसा येत नाही, पण हिशेब असतो आणि तो चोख असतो. दिवसाला दिवस. एका बांधावर मी तो ऐकला आहे. वरच्या आळीतल्या बाईंच्या कमरेत उसण भरलेली, म्हणून त्यांची नववीतली पोरगी आली होती. तिचा हात काही आईइतका चालेना. संध्याकाळी पाय धुताना मी विचारलं, हिचा अर्धा दिवस धरणार का? घरधनीण म्हणाली, “अर्धा कशापायी? माणूस आलं, दिवस पुरा.”

सावड करतात आणि सावड फेडतात. फेडणं आपण कर्जाला लावतो, नवसाला लावतो, आईबापांच्या पांगाला लावतो. त्याच तोलाचं हे देणं. इर्जिक त्याहून वेगळी. तिथे एका दिवशी बरीच औतं एकाच्या रानात उतरतात आणि मालक सगळ्यांना जेवू घालतो. सावड जेवणावर फिटत नाही.

देवाणघेवाणीचाच दुसरा शब्द साटंलोटं, म्हणजे दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना करून घेणं. आज बातम्यांत तो शब्द संगनमतापुरताच उरला, याचं मला वाईट वाटतं. सावडीला अजून तसा डाग नाही. म्हणून तो शब्द नीट वापरावा. कुणी एकतर्फी हातभार लावला तर ती मदत. तिला सावड म्हणू नये. पण सोसायटीतल्या दोन आया पाळीपाळीनं एकमेकींची मुलं शाळेत सोडतात, ती मात्र अस्सल सावड आहे.

आठवड्यानं ती घरधनीण डोक्यावर प्लास्टिकचा घोंगता घेऊन वरच्या आळीच्या खाचरात उतरली. पोरगी त्या दिवशी शाळेत गेली होती.